पाइप बँडची प्रादेशिक संघटना: मुलांना शिकवायचं तर तिचा उपयोग कुठे आणि कसा

प्रश्न थोडक्यात असा आहे: कुटुंब कॅलिफोर्नियात, प्लेझंटनच्या जवळ राहतं. तिथल्या स्कॉटिश खेळांत पाइप बँड ऐकल्यापासून अकरा वर्षांच्या मुलाने बॅगपाइप शिकायचा ध्यास घेतला आहे. तेरा वर्षांची मुलगी ढोल-ताशा पथकात ताशा वाजवते, तिला बँडमधला ड्रम शिकायचा आहे. ‘वेस्टर्न युनायटेड स्टेट्स पाइप बँड असोसिएशन’चं सदस्यत्व घेतलं की तिथे शिकवतात का? श्रेणी, स्पर्धा आणि खर्च यांचं गणित कसं असतं? घर शाकाहारी आहे, तेव्हा चामड्याच्या पिशवीला पर्याय आहे का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असं आहे. क्रिकेट असोसिएशन मुलाला बॅट धरायला शिकवत नाही, ते काम क्लब आणि प्रशिक्षक करतात. असोसिएशन गट ठरवते, पंच नेमते, नियम छापते. पाइप बँडच्या प्रादेशिक संघटनेचं तसंच आहे. कोणत्या मैदानावरची स्पर्धा अधिकृत, परीक्षक कोण, कोणता बँड कोणत्या श्रेणीत, कुठला वादक कोणत्या बँडच्या नोंदणीत, या गोष्टी ती बघते. त्याशिवाय कार्यशाळा घेते, वार्षिक सभा भरवते आणि परीक्षकांची यादी तयार ठेवते. रोजचं शिकवणं बँडमध्ये किंवा खासगी शिक्षकाकडे होतं. म्हणून आधी शिक्षक किंवा शिकवणारा बँड शोधा. त्यासाठी संघटनेच्या यादीतले जवळचे बँड बघा. सदस्यत्वाचे पैसे मूल पहिल्या स्पर्धेला उभं राहणार असेल त्या वर्षी भरा.

अशा संघटना बऱ्याच आहेत. अमेरिकेत पश्चिमेकडे तुमची, पूर्वेकडे ‘ईस्टर्न’, मध्ये ‘मिडवेस्ट’. कॅनडात ब्रिटिश कोलंबिया, अल्बर्टा, ऑंटारियो वगैरे प्रांतांच्या वेगवेगळ्या. श्रेणी आणि परीक्षकांचा दर्जा सगळीकडे सारखा राहावा म्हणून उत्तर अमेरिकेतल्या संघटनांनी आपसात एक आघाडीही केली आहे. त्यामुळे नोकरी बदलून न्यू जर्सीला किंवा टोरांटोला गेलात तरी मुलाची श्रेणी बहुधा सोबत येते. या सगळ्यांपुढचा नमुना स्कॉटलंडचा: तिथली संघटना १९३० ची, आता तिच्या नावात ‘रॉयल’ आहे, आणि ग्लासगो ग्रीनवर ऑगस्टात होणारी जागतिक स्पर्धा तीच भरवते.

बँडच्या श्रेणी पाच. पाचवी नवशिक्यांची, पहिली सर्वांत वरची. एकल पाइपवादनातही पाचपासून एकपर्यंत चढत जायचं आणि त्यावर खुला किंवा व्यावसायिक वर्ग. या दोन शिड्या स्वतंत्र आहेत, हे नीट ध्यानात घ्या. मूल एकल स्पर्धेत चौथ्या श्रेणीत असून पाचव्या श्रेणीच्या बँडमध्ये वाजवत असेल तर त्यात वावगं काही नाही. काही संघटनांत पाचव्या श्रेणीचा एकल वर्ग नुसत्या प्रॅक्टिस चँटरवर, म्हणजे सरावाच्या साध्या नळीवर होतो, त्यामुळे पिशवी हातात येण्याआधीच मूल परीक्षकासमोर बसू शकतं. असा वर्ग मिळाला तर सोडू नका. पहिल्यांदा परीक्षकासमोर बसताना बोटं थरथरतात. त्या वेळी पिशवीचा दाब सांभाळायचं ओझं नसलेलं बरं.

आता मुलाचं शिक्षण. याबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण पुढे जे काही बिघडतं ते बहुतेक पहिल्या सहा महिन्यांत बिघडलेलं असतं.

सुरुवातीला विकत घ्यायची वस्तू एकच, प्रॅक्टिस चँटर. बासरीएवढी प्लास्टिकची नळी, आत दुहेरी रीड, म्हणजे फुंकल्यावर थरथरून आवाज काढणारी पात. चांगला चँटर साधारण ८० ते १५० डॉलरना मिळतो. तीस-चाळीस डॉलरला ऑनलाइन दिसणारे शिसवी लाकडाचे चँटर घेऊ नका. त्यांची भोकं नेमक्या जागी नसतात, स्वर बेसूर निघतात आणि मुलाचा कान त्याच बेसूर स्वरांना सरावतो. दीडदोनशे डॉलरच्या ‘पूर्ण बॅगपाइप संचा’लाही हेच लागू. असा संच भिंतीवर टांगायला ठीक आहे. त्याच्या नळ्यांची आतली पोकळी सरळ आणि मापात नसते, त्यामुळे ड्रोन, म्हणजे अखंड एकच स्वर देणाऱ्या नळ्या, स्थिर राहत नाहीत. दुरुस्तीवर कितीही खर्च केला तरी तो सुरात येत नाही.

डावा हात वर, उजवा खाली. भोकं बोटांच्या टोकांनी झाकायची नाहीत. खालच्या हाताची बोटं सपाट ठेवून मधल्या पेराने झाकायची, बासरीवाले झाकतात तशी. स्वर नऊ, खालून वर जी, ए, बी, सी, डी, ई, एफ, जी, ए. त्यातला खालचा ए म्हणजे ‘लो ए’. त्याला षड्ज धरलं तर सा रे ग म प ध, कोमल नी, वरचा सा, आणि षड्जाच्या खाली आणखी एक कोमल नी. म्हणजे खमाज थाटाचे स्वर. मुलाने थोडं गाणं किंवा पेटी शिकली असेल तर त्याला हे असंच सांगा, चटकन बसेल. पेटीवर जुळवून बघायला मात्र जाऊ नका. आजच्या स्पर्धा-बँडचा ‘लो ए’ साधारण ४८० हर्ट्झच्या आसपास असतो. तो काळी पाच आणि पांढरी सात यांच्या जवळजवळ मधोमध पडतो, पेटीच्या कुठल्याच पट्टीशी जमत नाही. शिवाय पाइपचा गंधार पेटीच्या गंधारापेक्षा थोडा उतरलेला हवा, तानपुऱ्यातून आपोआप ऐकू येतो तसा. ड्रोन म्हणजे तानपुराच. दोन टेनर ड्रोन षड्जाच्या एक सप्तक खाली आणि बेस ड्रोन दोन सप्तकं खाली अखंड चालू असतात. चँटरचा प्रत्येक स्वर त्यांच्यावर टेकूनच खरा किंवा खोटा ठरतो.

या वाद्यात आवाज कमीजास्त करता येत नाही, आणि एकदा सुरू झालं की मध्ये थांबताही येत नाही. मग एकच स्वर दोनदा वाजवायचा कसा? मध्ये क्षणभर दुसरं बोट उचलून, म्हणजे कणस्वराने. जी, डी आणि ई हे तीन साधे कणस्वर पहिले. त्यानंतर अनेक कणस्वरांचे गट: डबलिंग, डी वरचा थ्रो, ग्रिप, टॉर्लुआ, बर्ल. यांतला प्रत्येक ठरलेल्या बोटांच्या ठरलेल्या क्रमाने वाजतो आणि परीक्षक तो कान देऊन मोजतो. ग्रिपमधला खालचा जी दोन्ही वेळा ऐकू आलाच पाहिजे. एक गिळला तर गुणपत्रिकेवर तसं लिहून येतं.

नवशिक्यांच्या दोन चुका जवळजवळ ठरलेल्या असतात. पहिली चूक करंगळीची. बी वाजवताना उजवी करंगळी उचललेली असते. सी वर जाताना मधलं बोट उचलायचं आणि त्याच क्षणी करंगळी खाली टेकवायची. मुलं करंगळी उचललेलीच ठेवतात. प्रॅक्टिस चँटरवर फरक जेमतेम कळतो, मोठ्या पाइपवर सी आणि डी दोन्ही बेसूर होतात. दुसरी चूक डी वरून ई वर जातानाची. उजव्या हाताची तीन बोटं खाली आणि डाव्या हाताची अनामिका वर, हे एकाच क्षणी व्हावं लागतं. जरा मागेपुढे झालं की मध्ये तिसराच स्वर चमकून जातो. याला क्रॉसिंग नॉइज म्हणतात. इलाज एकच: मेट्रोनोम ६० वर ठेवून फक्त बी-सी, फक्त डी-ई, रोज पाच-पाच मिनिटं. ट्यून नंतर. ट्यून वाजवताना चूक दुरुस्त होत नाही, ती ट्यूनचाच भाग होऊन बसते.

अकरा वर्षांच्या मुलासाठी रोज वीस मिनिटं पुरेत. रविवारी दोन तास बसवू नका. बोटांची सवय रोजच्या थोड्या वेळानेच लागते. असं नियमित केलं तर नऊ महिने ते दीड वर्ष यात कधीतरी मोठा पाइप हातात येतो. सात-आठ साध्या ट्यून पाठ, स्टाफवरचं (पाच रेघांवरचं पाश्चात्त्य) स्वरलेखन वाचता येणं आणि कणस्वर स्वच्छ, एवढं झालं की शिक्षक स्वतःच सांगतील. घाई करून पाइप आधी दिला तर दाब सांभाळण्याच्या नादात बोटांची सगळी शिस्त जाते आणि तिथून परत आणायला आणखी वर्ष लागतं.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. पाइपच्या शास्त्रीय अंगाला पीब्रोख किंवा केओल मोर म्हणतात: आधी संथ मूळ धुन, मग तिची एकेक वाढत जाणारी रूपं. हे संगीत शतकानुशतकं तोंडी शिकवलं गेलं, आणि त्यासाठी ‘हिन’, ‘हो’, ‘दारिद’ अशा अक्षरांची एक बोली तयार झाली, कँटारॅख्ट. तबल्याचे बोल माहीत असलेल्या मराठी घरातल्या मुलाला हे समजावून सांगावं लागत नाही. त्याच्या शिक्षकांना ही पद्धत येत असेल तर ती आवर्जून शिकवायला सांगा. एकल स्पर्धेत पीब्रोखचा वर्ग खालच्या श्रेणीपासूनच असतो आणि त्यात मुलं कमी उतरतात.

पाइप घ्यायची वेळ आली की पुढची माहिती लागेल.

पूर्ण संचात पिशवी, तिला बांधलेले पाच स्टॉक (नळ्या बसवायच्या खोबण्या), फुंकायचा ब्लोपाइप, बोटांनी वाजवायचा चँटर, दोन टेनर आणि एक बेस ड्रोन असतात. लाकूड आफ्रिकन ब्लॅकवुड, किंवा काळं टणक प्लास्टिक. माझं मत असं की पहिला संच प्लास्टिकचा घ्यावा. साधारण हजार डॉलरच्या आसपास चांगल्या कारागिराचा नवा संच मिळतो. ब्लॅकवुडचा दीड हजारापासून पुढे कितीही. प्लास्टिकला चीर जात नाही. कॅलिफोर्नियाच्या आतल्या भागातल्या कोरड्या उन्हाळ्यात ही मोठी गोष्ट आहे. नव्या ब्लॅकवुडला पहिले काही आठवडे रोज दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त वाजवायचं नसतं आणि गरम गाडीत तर कधीच ठेवायचं नसतं. मुलाकडून एवढी शिस्त पाळून घेणं अवघड.

जुना संच मिळत असेल तर त्यावरच्या पांढऱ्या कड्या हस्तिदंताच्या नाहीत ना, हे जाणकाराकडून तपासून घ्या. हस्तिदंताचा संच घेऊन कॅनडाच्या स्पर्धेला जायचं तर सीमेवर परवाने लागतात आणि कागद नसतील तर पाइप जप्त होऊ शकतो. ब्लॅकवुडलाही २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आहेत, पण तयार वाद्यांना २०१९ च्या अखेरीस त्यातून सूट मिळाली.

पिशवीबद्दल: चामड्याची पिशवी लागत नाही. कृत्रिम कापडाच्या पिशव्या आता वरच्या श्रेणीतल्या बँडमध्येही सर्रास वापरल्या जातात, त्यांत हवा चांगली टिकते आणि चामड्यासारखं मसाला लावून मुरवावं लागत नाही. ड्रोनची रीडही कृत्रिम मिळते. चँटरची रीड बोरूसारख्या गवताच्या काडीची, ती वनस्पतीचीच. पोशाखातला स्पॉरन, म्हणजे किल्ट या स्कॉटिश घागऱ्यावरचा बटवा, सहसा चामड्याचा असतो. बँडला आधी सांगितलं तर कृत्रिम चालवून घेतात. पोशाख शक्यतो विकत घेऊ नका, वाढत्या वयाच्या मुलांना बहुतेक बँड आपल्याकडचा किल्ट वापरायला देतात.

कृत्रिम पिशवीचा एक दोष: ती ओल शोषत नाही. श्वासातलं पाणी आत साचतं, ड्रोनच्या रीडवर बसतं आणि ड्रोन मध्येच बंद पडतो. त्यासाठी ब्लोपाइपच्या स्टॉकला पाणी अडवणारी नळी जोडतात. वाजवून झालं की पाइप पेटीत बंद करून ठेवू नका. चँटरच्या रीडवर टोपी घाला, ड्रोन काढून नळ्या आतून पुसा, पिशवीची चेन उघडी ठेवून वाळू द्या. ओल्या पिशवीत बुरशी धरते, आणि बुरशी श्वासावाटे गेल्याने फुप्फुसाचा गंभीर आजार झाल्याची, त्यातून एक पाइपर दगावल्याची वैद्यकीय नोंद २०१६ साली प्रसिद्ध झाली आहे. मुलाला दमा असेल तर पाइप घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा.

पाइप फुंकायला जड जातो अशी तक्रार आली की सगळे मुलाच्या श्वासाच्या ताकदीला दोष देतात. बहुतेक वेळा कारण गळतीत असतं. चँटरचा आणि ड्रोनचे असे चार स्टॉक बुचांनी बंद करा, ब्लोपाइपमधून पिशवी टम्म फुगवा आणि बगलेत धरून मिनिटभर थांबा. ती मऊ पडली तर हवा पिशवीतून किंवा स्टॉक बांधलेल्या जागेतून जाते आहे. घट्टच राहिली तर सांधे तपासा: ड्रोनचं एक तोंड तळव्याने बंद करून दुसऱ्या टोकाने फुंका, हवा कुठून सुटते ते कळतं. तिथे मेणाचा दोरा आणखी गुंडाळायचा. स्टॉकमध्ये बसणारा सांधा घट्टच हवा, पण ड्रोनचा वरखाली सरकणारा सांधा दोन बोटांनी सरकला पाहिजे.

गळती नसेल तर रीड बघा. मुलाला मोठ्या माणसाची कडक रीड दिलेली असते. ते तपासायला दाब मोजणारी यू आकाराची पारदर्शक नळी लागते. फूट-दीड फुटाची पुरत नाही, दोन्ही बाजूंना मिळून नव्वद सेंटीमीटर तरी पाण्याचा फरक दाखवेल अशी लांब नळी फळीवर बसवा, आत रंगीत पाणी भरा आणि तिचं टोक बुचातून एका ड्रोनच्या स्टॉकला जोडा. दाबाचा अंदाज डोळ्यांनी येतो. मुलासाठी साधारण ६० ते ७० सेंटीमीटर पाण्याच्या दाबावर चालणारी रीड योग्य. याच नळीवर दुसरी गोष्टही दिसते: फुंकताना पाणी चढतं आणि श्वास घेताना उतरतं का? पाणी एका जागी थांबायला शिकवलं की सूर थांबतो. फुंकणं आणि दाबणं यांची अदलाबदल पाण्याची पातळी न हलवता व्हायला हवी, बाकी सगळा पाइप तिच्यावर उभा आहे.

ड्रोन लावायचा क्रम: एक टेनर चँटरच्या ‘लो ए’शी, दुसरा टेनर पहिल्याशी, शेवटी बेस. वरचा भाग वर सरकवला की सूर उतरतो, खाली दाबला की चढतो. दोन स्वरांच्या मध्ये येणारे हेलकावे हळूहळू लांबत जाऊन थांबले की जुळलं. चँटरमध्ये रीड जरा आत बसवली की सगळे स्वर चढतात, आणि वरचे जास्त चढतात. एखादाच स्वर चढा असेल तर त्या भोकाच्या वरच्या कडेला चिकटपट्टी थोडी खाली ओढतात. उन्हात सगळंच चढतं. प्लेझंटनच्या दुपारी सावलीत लावलेला पाइप मैदानात येईपर्यंत बदललेला असतो, म्हणून बँड शेवटचं लावणं वर्तुळात शिरायच्या अगदी आधी करतात. मुलाने स्वतः चिकटपट्टीला हात लावू नये, बँडमध्ये ते पाइप मेजरचं, म्हणजे प्रमुख पाइपवादकाचं काम.

मुलीसाठी थोडं वेगळं सांगायचं आहे. ताशाचा हात तिला उपयोगी पडेल आणि नडेलही. लय, ठेका, रांगेत राहून दुसऱ्याचं ऐकणं, हे तिच्याजवळ आहे. पण ताशाची काडी हलकी आणि लवचीक, तर्री सुट्या वेगवान टोल्यांची. पाइप बँडच्या साइड ड्रमवर रोल, म्हणजे सलग घुमणारा आवाज, दाबून काढतात, प्रत्येक हाताचा टोला कातड्यावर किंचित घासत उसळवायचा आणि पुढच्यात मिसळायचा. काडी जाड, आणि डाव्या हाताची पकड बहुतेक बँडमध्ये तळवा वर ठेवून. ही पकड सुरुवातीला अगदी परकी वाटेल. तीन-चार महिने रबरी पॅडवर फक्त रोल, फ्लॅम आणि पॅराडिडल हे टोल्यांचे मूळ प्रकार. पॅड आणि काड्या मिळून शंभर डॉलरच्या आत होतात. ड्रम बँडचा असतो, तो घ्यायची गरज नाही. त्यावरचं कातडं केव्हलारसारख्या धाग्याचं, अतिशय ताणलेलं, आणि आवाज कानाला इजा करण्याइतका. दोन्ही मुलांसाठी वादकांचे, आवाज गाळून कमी करणारे कानातले बोळे पहिल्या दिवसापासून घ्या. पथकातही तिने ते वापरावेत.

तिला लवकर बँडमध्ये उभं राहायचं असेल तर टेनर ड्रम हा चांगला रस्ता आहे. मऊ गोंड्याच्या काड्या हवेत फिरवत वाजवायच्या, प्रत्येक टेनरचा सूर वेगळा लावलेला. दिसायला ही शोभा वाटते, पण कवायत आणि लय दोन्ही कडक लागतात. पथकात झेंडा नाचवणाऱ्या मुलीला हे लगेच जमतं.

आता स्पर्धा. बँड रांगेत उभा, आज्ञा होते, ड्रमर तीन पावलांचे दोन रोल देतात. दुसऱ्या रोलला सगळ्यांचे ड्रोन एकदम सुरू, मग सगळ्यांचा मिळून एकच ‘ई’, आणि ट्यून. चालत वर्तुळात जायचं आणि तिथे उभं राहून बाकीचं वाजवायचं. नवशिक्या बँडचे सगळ्यांत जास्त गुण या पहिल्या पाच सेकंदांत जातात. कुणाचा ड्रोन आधी ओरडतो, कुणाचा ‘ई’ उशिरा येतो. शेवटी थांबताना एखादा चँटर चिरकतो. यासाठी सराव वेगळा करायला हवा: दर तालमीला दहा वेळा नुसती सुरुवात, दहा वेळा नुसता शेवट.

पाचव्या श्रेणीत साध्या क्विक मार्चचा संच असतो. वर चढत गेलं की मार्च, स्ट्रॅथस्पे आणि रील या वेगवेगळ्या लयींच्या स्कॉटिश ट्यूनचा संच आणि स्वतः निवडून गुंफलेली ट्यूनची माळ, म्हणजे मेडली, येते. पहिल्या श्रेणीची मेडली पाच ते सात मिनिटांत बसावी लागते. परीक्षक चार: दोन पाइपचे, एक ड्रमचा, एक एकूण मेळाचा. प्रत्येक जण क्रमांक देतो आणि क्रमांकांची बेरीज करतात, सर्वांत कमी बेरीज पहिली. एका बँडला २, १, ३, २ मिळाले तर आठ, दुसऱ्याला १, ३, २, ३ मिळाले तर नऊ, म्हणून पहिला बँड पुढे. बेरीज सारखी झाली तर सहसा मेळाच्या परीक्षकाचा क्रमांक धरतात. म्हणजे दोन पाइप-परीक्षकांपैकी एकाने खाली टाकलं तरी खेळ संपत नाही, पण मेळ बिघडला तर बरोबरीत हार होते.

एकल स्पर्धेत एकच परीक्षक टेबलामागे बसून लिहीत असतो. सकाळी लवकर स्टुअर्डकडे, म्हणजे व्यवस्था बघणाऱ्याकडे नाव सांगायचं, क्रम बघायचा, ट्यूनचं नाव द्यायचं. लावायला थोडाच वेळ मिळतो. तो ट्यूनचे तुकडे वाजवण्यात घालवू नये. ड्रोन लागले की थांबायचं, श्वास घ्यायचा, सुरू करायचं. अडखळलं तर मागे जाऊन दुरुस्त करायचं नाही, पुढे जायचं.

संघटनेने दिलेली सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे परीक्षकाच्या हातची गुणपत्रिका. पदकापेक्षा ती जपा. ‘डी थ्रो उघडा’, ‘तिसऱ्या भागात लय धावते’, ‘बेस ड्रोन उतरला’ असं त्यावर लिहिलेलं असतं. ज्याने तुमच्या मुलाला आधी कधी ऐकलं नाही अशा जाणकाराचं हे मत आहे. दोन-तीन स्पर्धांच्या पत्रिका शेजारी ठेवा. वेगवेगळ्या परीक्षकांनी तेच लिहिलं असेल तर पुढच्या हिवाळ्यात तेवढंच काम करायचं. श्रेणी वाढवण्याचा निर्णयही अशाच निकालांवर होतो. मुलाने एका श्रेणीत दोन हंगाम घालवले म्हणून कमीपणा मानू नका. चौथ्या श्रेणीतून घाईने तिसरीत गेलेली मुलं स्ट्रॅथस्पेपाशी अडकतात, कारण तिथली तुटक लय बोटांच्या स्वच्छतेशिवाय निघतच नाही.

बँडच्या नोंदणीची काळजी घ्या. एका वेळी एकाच बँडच्या यादीत नाव, बदलायचं असेल तर ठरलेल्या मुदतीत आणि आधीच्या बँडच्या संमतीने. किमान किती पाइपर आणि ड्रमर लागतात, चालू वर्षात मुदत कोणती, हे संघटनेच्या नियमपुस्तकात दर हंगामापूर्वी वाचा, या गोष्टी बदलत राहतात.

चांगलं शिकवणारा बँड ओळखायचा तर त्यांचा खालच्या श्रेणीतला बँड बघा. कॅनडात बर्नबीच्या सायमन फ्रेझर विद्यापीठाच्या बँडने १९९५ ते २००९ या काळात सहा वेळा जागतिक विजेतेपद मिळवलं, त्यामागे रॉबर्ट माल्कम मेमोरियल या त्यांच्या मुलांच्या बँडची शिडी आहे. तिथे लहान मूल चँटरवर सुरू करून एकेक श्रेणी चढत वरच्या बँडपर्यंत जातं. तुमच्या जवळच्या बँडची पातळी एवढी नसेल, पण अशी शिडी आहे का ते विचारता येतं. पुढे लेखी-प्रात्यक्षिक परीक्षा द्यायच्या असतील तर स्कॉटलंडच्या पाइपिंग-ड्रमिंग पात्रता मंडळाच्या आठ पातळ्यांच्या परीक्षा आहेत. त्यात संगीताचं वाचन आणि सिद्धांतही येतो.

भारतात परतलात तरी हे शिक्षण वाया जात नाही. लष्कराच्या अनेक रेजिमेंटांचे पाइप बँड आहेत, दरवर्षी २९ जानेवारीला दिल्लीच्या विजय चौकात ते ऐकू येतात. प्रजासत्ताक दिनाच्या निमित्ताने होणाऱ्या राष्ट्रीय शालेय बँड स्पर्धेत मुलांच्या आणि मुलींच्या पाइप बँडचे वेगळे गट असतात. तिथे वाद्यं आणि सूर लावायची पद्धत वेगळी भेटेल, बोटं मात्र तीच.

सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारला जोडून येणाऱ्या शनिवार-रविवारी प्लेझंटनच्या मैदानावर पुन्हा खेळ भरतील. हे संमेलन १८६६ पासून चालत आलं आहे. या वेळी मुलांना दुपारच्या मोठ्या मैफलीला नेण्याऐवजी सकाळीच एकल स्पर्धेच्या जागी न्या. पाचव्या आणि चौथ्या श्रेणीची मुलं ऐकू द्या, तीच त्यांची पहिली तुलना. दुपारी बँड सूर लावत असतात तिथे लांब उभं राहून बघा आणि त्यांचं झाल्यावर, वाजवण्याआधी कधीच नाही, पाइप मेजरला चार गोष्टी विचारा: नवशिक्यांचा वर्ग कोणत्या वारी असतो आणि त्याला फी किती, गेल्या वर्षी सुरू केलेल्यांपैकी आज कितीजण शिकताहेत, मुलांना पाइप आणि पोशाख वापरायला देता का, आणि ड्रमसाठी वेगळा शिक्षक आहे का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘सगळे सोडून गेले’ असं आलं तर तासभर गाडी चालवावी लागली तरी दुसरा बँड बघा.